फुलाकाकींच्या बैठका

फुलाकाकी म्हणजे खुर्ची, असंच आम्हा भाडेकरूंच्या डोक्यात बसलं होतं. निळी, हातांची, प्लॅस्टिकची खुर्ची. सकाळी ती पार्किंगमध्ये, दुपारी जिन्याखाली, संध्याकाळी फाटकाशी. काकी एका हातानं तिची पाठ धरून ती ओढत न्यायच्या आणि फरशीवरच्या खरखराटावरून चौथ्या मजल्यावरच्या माणसालाही कळायचं, की मालकीणबाईंचा मुक्काम हलला. मग ज्यानं मोटर चालू ठेवून पाणी वाहू दिलेलं असे, तो दार लावून घ्यायचा.

जांबे गावातली ही इमारत बापूंची. बापू म्हणजे काकींचे यजमान. भाताची खाचरं विकून त्यांनी चार मजले उभे केले, खाली स्वतः राहिले आणि वर आमच्यासारखी हिंजवडीत नोकरीला आलेली माणसं भरली. मी हिंगोलीची. काकींच्या बरोबर डोक्यावर माझी खोली. मुलगी सासरी गेलेली असल्यामुळे काकींना बोलायला आम्हीच होतो, आणि बोलणं म्हणजे झाडणंच. रोज बाहेरून जेवण मागवणाऱ्या एका पोराला त्या म्हणाल्या होत्या, "घरात ग्यास हाय का नुसता ग्यासचा फोटू?" तो पोरगा दुसऱ्या दिवशी कुकर घेऊन आला.

बोलण्यात अशी पट्टीची बाई, पण एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. कुणी सतरंजी टाकून "बसा काकी" म्हटलं, की त्या म्हणायच्या, "मला उभ्यानंच बरं वाटतंय." हळदीकुंकवाला जायच्या त्या दारातूनच वाण घेऊन परत यायच्या. देवळात कीर्तन असलं तर खांबाला टेकून उभ्या. लोक म्हणत, फुलाबाईला आता जमीन चालत नाही, भाड्याचा पैसा आला ना. काकी ते ऐकायच्या आणि चक्क मान उंच करायच्या.

व्यायामावरून आमची पहिली गाठ पडली ती भांडणानंच. दिवसभर हापिसात बसून माझी पाठ धरायला लागली, म्हणून मी जवळच्याच एका छोट्या जिममध्ये नाव घातलं होतं. जायला जमलं नाही की खोलीतच करायचे. बैठका, भिंतीला हात लावून दंड, पाण्याच्या बाटल्या उचलणं, आणि जरा उड्या. एका सकाळी दार वाजलं. उघडलं तर काकी. एकच मजला चढून आल्या होत्या, पण चौकट धरून आधी श्वास खाली बसू दिला आणि मग तोंड उघडलं.

"काय आपटतीया गं सकाळच्या पारी?"

"व्यायाम करतेय काकी."

त्यांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. धुणं नाही, कांडण नाही, फक्त एक जाजम आणि दोन बाटल्या.

"म्हंजे काम काईच न्हाई? नुसता घाम?"

"हो."

"आमच्यात याला येड लागलं म्हनत्यात," असं म्हणून त्या उतरायला लागल्या. कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. पाच मिनिटांनी खालून आवाज आला, "आपट, पर बापू उठल्यावर आपट!"

मग फाल्गुनात शेजारच्या घरी पूजा झाली आणि मांडवात पंगत बसली. काकी नेहमीप्रमाणे दारातून प्रसाद घेऊन सटकणार होत्या. पण यजमानीणबाईनं त्यांचा हात धरला. "आज न्हाई सोडायची, मानाचं पान हाय तुमचं," म्हणत तिनं त्यांना ओळीत आणूनच बसवलं. खुर्ची घरी राहिलेली. काकी मांडवाचा बांबू धरून खाली गेल्या, शेवटचं वीतभर अंतर तर धप्पकन. मी त्यांच्या शेजारीच होते.

जेवण झालं. बायका हात झटकून उठू लागल्या. काकी उठल्या नाहीत. त्यांनी मठ्ठा मागवला. तो सावकाश प्यायल्या. मग मसालेभाताची तारीफ केली, तीही ज्यानं केला त्याला बोलावून. पुन्हा मठ्ठा मागवला. दुसरी पंगत मांडवाबाहेर उभी होती, पोरं पत्रावळी गोळा करत आमच्यापर्यंत आली होती, आणि काकी रिकाम्या ओळीत एकट्या बसून मिठाच्या जागी बोट फिरवत होत्या. मला तेव्हा कळलं. मी हात पुढे केला तर त्यांनी डोळ्यांनीच दटावलं. त्यांनी जमिनीला हात टेकून जोर लावला, वीतभर उचलल्या गेल्या आणि परत बसल्या. पुन्हा लावला. शेवटी वाढपातल्या दोन बाप्यांनी काखेत हात घालून त्यांना उभं केलं. पदर सरकला, तोही दुसऱ्याच बाईनं सारखा केला.

"काकी, जागा धरली का काय?" एकजण म्हणाला.

"बसून खायाची सवय लागल्यावर उठायचं कसं मानसानं?" बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी बोललं आणि मांडवभर हशा झाला. काकीही हसल्या. पण त्यांचा चेहरा शेंदरासारखा लाल झाला होता, आणि घरी जाताना त्या रस्त्याच्या कडेकडेनं, भिंती धरत गेल्या.

त्यानंतर किती तरी दिवस निळी खुर्ची बाहेर आलीच नाही. टाकी भरून पाणी वाहायचं, कुणी ओरडायचं नाही. आम्हा भाडेकरूंना आधी बरं वाटलं, मग चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. आणि एके संध्याकाळी मी हापिसातून येऊन कुलूप काढतेय तर काकी माझ्या दाराशी उभ्या. आजूबाजूला बघत आत शिरल्या आणि दार स्वतःच लावून घेतलं.

"ते तू आपटतीस ते मला शिकीव."

मी म्हटलं, आधी डॉक्टरांना गुडघे दाखवा. तर ते सगळं करून झालं होतं. बापूंना कापडाच्या दुकानात जाते असं सांगून त्या एकट्याच दाखवून आल्या होत्या.

"हाडं शाबूत हायेत म्हनला. मांडीत जोर न्हाई म्हनला. हालचाल करा, व्यायाम करा." हे सांगताना त्यांनी माझ्याकडे नाही, खिडकीकडे पाहिलं. "जोर न्हाई! सकाळधरनं सांजपतूर चिखलात वाकलेली बाई मी. रान गेलं तवापासनं नुसती बसलीया. बसून बसून जोरबी गेला."

मग हळूहळू खरी गोष्ट बाहेर आली. काकींचं माहेर कोळवणकडचं. तिथं त्यांचे थोरले भाऊ, दादा, अजून भात लावतात. रोपं उपटून चिखलाच्या खाचरात लावायची, ती आवणी. दादांकडे अजून इर्जिक असतं. म्हणजे मजूर लावायचे नाहीत, सगळ्या वाडीनं एका दिवसात एकाची आवणी उरकायची आणि त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. त्या घरची रीत अशी, की पहिली मूठ घरच्या लेकीनं लावायची. काकी लग्नानंतर दर वर्षी त्यासाठी जायच्या. गेली तीन-चार वर्षं गेल्याच नव्हत्या. चिखलात पाय रुतला आणि खाली बसले तर उठायचं कसं, ही धास्ती. पण हे भावाला कसं सांगायचं? मग कधी भाडेकरूंचं कारण, कधी बापूंच्या तब्येतीचं. मूठ आता वहिनी लावतात. आणि दादा फोनवर एवढंच बोलतात, "बिल्डिंगवाली झालीस बाई तू. चिखलाची घाण वाटनारच."

"मग खरं का सांगत नाही तुम्ही?" मी विचारलं.

"माज आला म्हनतुया, म्हनू दे," काकी म्हणाल्या. "पर भईण पांगळी झाली असं नगं म्हनू दे. रान इकून बसली आनि पांगळी झाली. त्यापरीस माज बरा."

 यंदाच्या आवणीला माहेरी जायचं, स्वतःच्या पायानं चिखलात उतरायचं, एवढंच त्यांना हवं होतं. आणि अट एकच. कुणाला कळता कामा नये, बापूंनासुद्धा.

आमच्या जिममध्ये घाम ही मिरवायची वस्तू आहे. लोक घामाचे फोटो काढतात. काकींच्या लेखी घाम निघाला की त्याबदल्यात काहीतरी दिसलं पाहिजे. धुतलेलं धुणं, सारवलेलं अंगण, भाताची रास. काहीच पुढ्यात नसताना घाम गाळणं म्हणजे त्यांना रिकामं जातं ओढण्यासारखं वाटायचं, आणि ते कुणी बघितलं तर आणखी वाईट. म्हणून आम्ही जागा निवडली ती गच्ची. पाण्याच्या टाक्यांमागे, वाळत घातलेल्या साड्यांच्या आडोशाला. वेळ मी हापिसाला निघण्याआधीची.

सुरुवात त्यांच्या निळ्या खुर्चीपासूनच केली. हात छातीशी घ्यायचे आणि हात न लावता खुर्चीतून उठायचं, परत बसायचं. बस. काकींना आधी हसू आलं, मग पहिल्याच वेळी त्या अर्ध्यातून परत खुर्चीत पडल्या आणि हसू गेलं. मग कठडा धरून टाचा उचलणं. टाकीच्या भिंतीला तळवे लावून ती ढकलणं. एक पाय पायरीवर ठेवून त्याच पायाच्या जोरावर वर चढणं. यात अवघड काही नाही, पण काकींना सगळ्याची घाई. श्वास कोंडून धरायच्या, गुडघे आत वळवायच्या, आणि मी पाठ फिरवली की खुर्चीच्या हाताला हळूच हात लावायच्या. पकडलं की शाळेतल्या पोरासारखं खोटं बोलायच्या, "माशी हुती."

"सावकाश खाली बसा काकी. खाली येताना जास्त वेळ घ्यायचा."

"खाली जायाला काय येळ लागतुया? मानूस झटक्यात खाली जातुया."

"म्हणूनच सांगतेय."

खुर्ची जमली तशी मी उंची कमी करत गेले. आधी दुधाचा क्रेट पालथा घालून त्यावर उशी. मग उशी काढली. मग विटांवर पाट, मग एकेक वीट कमी. आता काकी रोज पाण्याचे दोन कॅन दोन्ही हातांत घेऊन गच्चीच्या या टोकापासून त्या टोकाला फेऱ्या मारायच्या. तेवढा एकच प्रकार त्यांना मनापासून आवडायचा, कारण कुणी आलं तर पाणी नेतेय म्हणून सांगता यायचं.

कुणी येईल या भीतीनं त्यांनी एक सोयही करून ठेवली होती. गव्हाचं सूप. जिन्यात पाऊल वाजलं की काकी खुर्चीत बसून गहू निवडायला लागायच्या. तेच गहू, रोज. त्यातला खडा कधीच संपला होता. एकदा तिसऱ्या मजल्यावरची बाई साड्या काढायला आली आणि म्हणाली, "काकी, किती स्वच्छ गहू हो तुमचे!" काकी धापा टाकत म्हणाल्या, "निवडाया लई दम लागतुया." ती बाई गेल्यावर मी पोट धरून हसले. काकी हसल्या नाहीत. "या वयात चोरी कराया लागतीया बग," म्हणाल्या, आणि सूप बाजूला सारलं.

पुढचा टप्पा जमिनीवरून उठण्याचा. त्याची रीत ठरलेली आहे. कुशीवर वळायचं, हातागुडघ्यांवर यायचं, एक पाऊल पुढं टेकवायचं, त्या मांडीवर हात रोवायचा आणि उभं राहायचं. मी करून दाखवलं. काकींनी पाहिलं आणि सरळ नकार दिला.

"रांगू व्हय आता? म्या न्हाई."

"कोण बघतंय इथं?"

"म्या बगतीया की."

चार-पाच दिवस त्या रुसल्या. मग स्वतःच एका सकाळी सतरंजी घेऊन आल्या, चादरी अशा वाळत घातल्या की टाकीमागचा कोपरा चारी बाजूंनी झाकला गेला, आणि खाली बसल्या. कुशीवर वळल्या. हातागुडघ्यांवर आल्या. नेमक्या त्याच वेळी बापू टाकीचा बॉल बघायला वर आले. त्यांनी चादर बाजूला केली आणि बायको चार पायांवर पाहिली.

बापूंनी बोंबच ठोकली. "पडली! फुला पडली! आरं पळा!" सगळी इमारत वर आली. काकी तशाच. उठायचा जोर गेलेला. मग एकदम म्हणाल्या, "पडले न्हाई वं. डूल पडलंय कानातलं. ते हुडकतीया."

झालं. आयटीतली सगळी हुशार मंडळी मोबाईलचे दिवे लावून गच्चीवर ओणवी झाली. काकींनी त्या गोंधळात कानातलं एक डूल काढून कमरेला खोचलं होतं, ते मला दिसत होतं. लोक हापिसाची वेळ झाली म्हणून गेले, पण बापू हटेनात. त्यांनी पन्हाळीचं तोंड उघडलं. दुसऱ्या दिवशी पाईप खोलला. काकी निळ्या खुर्चीत बसून बघत होत्या, आणि बापू कोपरापर्यंत हात घालून पाईपातला गाळ काढून तो पाण्यात चाळून बघत होते. "तुझ्या आईचं डूल हाय ते," म्हणत होते, "असं कसं जाईल?"

शेवटी डूल तांदळाच्या डब्यात सापडलं. म्हणजे काकींना सापडलं. बापू इतके खूष झाले की त्यांनी पेढे आणले. त्यातला एक पेढा घेऊन काकी माझ्याकडे आल्या आणि माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, "खा. माज्याच्यानं गिळंना." मी म्हटलं, "सांगून टाका ना बापूंना." त्या पाठ फिरवून खाली गेल्या. मला वाटतं, नवऱ्याला तो गाळ चिवडताना बघणं त्यांना मांडवातल्या हशापेक्षा जड गेलं. पण एवढं होऊनही त्या बोलल्या नाहीत. लाज एकदा घरात शिरली की ती खोटं बोलायला लावते, आणि मग त्या खोट्याचीही लाज.

मी मात्र मधेच एक आगाऊपणा केला. मला वाटलं, काकींनी एकदा जिम बघावी. मोकळी जागा, आरसे, हलक्या वजनापासून जड वजनापर्यंत सगळं. रविवारी दुपारी तिथं चिटपाखरू नसतं. लग्नाचा आहेर घ्यायच्या निमित्तानं मी त्यांना बाहेर काढलं. जिम एका इमारतीच्या तळमजल्यावर होती. काकींनी चपला बाहेर काढल्या. दारात थांबून त्या आरशात न बघता जमिनीकडे बघत राहिल्या.

"हितं उतार हुता," त्या म्हणाल्या. "पानी त्या अंगानं यायाचं."

"कुठं?"

"हितंच गं. हे आमचं वरलं खाचर."

मला खरंच माहीत नव्हतं. विषय बदलावा म्हणून मी घाईघाईनं दोन वजनं त्यांच्या हातात दिली. म्हटलं, गच्चीवर कॅन घेऊन चालता ना, तसंच चाला. त्या चालायला लागल्या, चांगल्या चालल्या, पाठ ताठ. आणि मी, मूर्खासारखी, कौतुकानं बोलले, "काकी, या व्यायामाला इंग्रजीत नावच आहे, फार्मर्स वॉक. म्हणजे शेतकऱ्याची चाल."

काकी थांबल्या. वजनं खाली ठेवली, अगदी हळू, मी शिकवलं होतं तसं.

"आनि हे शिकाया तुमी फी भरता."

"हो."

"घरी चल."

वाटेत त्या एवढंच म्हणाल्या, "हितं म्या डोईवर रोपांचा भारा घिऊन चालत हुते. तवा कुनी नाव न्हवतं ठिवलं."  फाटकाशी आल्यावर म्हणाल्या, "दादानं रान राखलं. आमी न्हाई राखलं. आता कंच्या तोंडानं जायाचं त्याच्या चिखलात?" तेव्हा मला समजलं, की भावाकडे न जाण्याचं कारण नुसते गुडघे नव्हते. मला माझ्या त्या इंग्रजी नावाची इतकी शरम वाटली, की पुढे कित्येक दिवस मी जिममध्ये ती वजनं उचललीच नाहीत.

काकी गच्चीवर यायच्या बंद झाल्या. मी बोलवायला गेले नाही. मला वाटलं, संपलं. पण आवणी तोंडावर आली आणि वहिनींचा फोन आला, अमक्या दिवशी इर्जिक आहे. दादा फोनवर आलेच नाहीत. मागून त्यांचा आवाज ऐकू आला म्हणे, "तिला कशाला इचारतीस, तिला येळ कुटं हाय?" दुसऱ्या दिवशी पहाटे काकींनी माझं दार वाजवलं आणि मला गच्चीवर नेलं. सतरंजी टाकली आणि मला म्हणाल्या, "रांगते. बग नीट."

त्या दिवसापासून त्या स्वतःहून खाली बसायच्या आणि स्वतः उठायच्या. डौल काही नव्हता त्यात. कण्हत, कुंथत, मांडीवर हात रोवून, पण उठायच्या. पहिल्यांदा जमलं तेव्हा त्या उभ्या राहून कठड्यापाशी गेल्या आणि माझ्याकडे पाठ करून पदरानं तोंड पुसत राहिल्या.

इर्जिकाच्या दिवशी मी रजा टाकली. काकी आणि मी पौडला एस.टी.तून उतरून जीपनं कोळवणच्या पुढं गेलो. शहरातल्या लोकांच्या बंगल्यांच्या भिंती मागे पडल्या आणि खाचरं लागली. दादांच्या रानात पंचवीस-तीस माणसं जमली होती, डोक्यावर प्लॅस्टिकच्या खोळी. दादा बांधावर उभे होते. उंच, वाळलेले, पांढऱ्या मिशा. त्यांनी बहिणीकडे पाहिलं.

"आलीस? पाय भरतील हां चिखलानं."

काकींनी ओचा खोचला, चपला काढल्या. वहिनींनी पुढं येऊन रोपांची मूठ त्यांच्या हातात दिली आणि बाजूला झाल्या. काकी खाचरात उतरल्या. कमरेतून वाकल्या आणि पहिलं रोप लावलं. मग दुसरं. मग त्यांच्या हातांना जणू कुणी थांबवूच शकत नव्हतं. मी आजवर त्यांना घाई करू नका म्हणून ओरडत आले, ती घाई कुठली होती ते तेव्हा कळलं. मागं सरकत सरकत त्यांनी अर्धी ओळ उरकली. बायका गाणं म्हणायला लागल्या. दादा बांधावरून बघत होते, तोंड तसंच घट्ट.

आणि काकींची टाच रुतली. त्या मागं सरकायला गेल्या, पाय आला नाही, आणि त्या चिखलात बसल्या. पार कमरेपर्यंत.

गाणं थांबलं. एक पोरगी फिसकन हसली आणि गप्प झाली. दादा धोतर सावरत बांधावरून उतरले, हात पुढे करून धावले. काकी ओरडल्या, "हात नगं लावू!"

दादा जागीच थांबले, हात तसाच पुढे. काकींनी पाय सोडवला. कुशीवर वळल्या. सगळ्या इर्जिकासमोर, कोपरापर्यंत चिखलात, हातागुडघ्यांवर आल्या. मी बांधावरून ओरडले, "श्वास सोडा काकी!" एक पाऊल पुढं आलं. ते सरकलं. त्यांनी ते पुन्हा ओढून टेकवलं, मांडीवर चिखलाचा हात रोवला आणि उभ्या राहिल्या. हेलपाटल्या, पण उभ्या राहिल्या.

 दादा म्हणाले, "ही काय रीत उठायची?"

"हीच रीत हाय माजी आता," काकी म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. "दादा, माज न्हवता रं. खाली बसले की उठता येत न्हवतं मला. म्हनून येत न्हवते."

दादा त्यांच्याकडे बघत राहिले. "एवढंच?"

"एवढंच."

"आगं मग सांगायचं न्हाई व्हय?" म्हाताऱ्याचा आवाज फाटला. "हितं एवढी मानसं हायेत. आमी उचलली असती की तुला!"

काकींची मान खाली गेली. मांडवात लोक हसले तेव्हाही ती इतकी खाली गेली नव्हती. इतकी वर्षं ज्या माणसासमोर लाज जाईल म्हणून त्या तोंड चुकवत होत्या, त्याला त्यात लाजण्यासारखं काही दिसलंच नव्हतं. त्याला फक्त बहीण येत नाही, एवढंच दिसत होतं. काकी पुटपुटल्या, "लाज वाटली रं." "माजी?" दादांनी विचारलं.  वहिनींनी रोपांची दुसरी मूठ त्यांच्या हातात कोंबली आणि म्हणाल्या, "वन्सं, वळ अर्धी राहिलीया." काकी पुन्हा वाकल्या.

जेवणं दादांच्या ओसरीवर झाली. काकी सगळ्यांबरोबर खाली बसून जेवल्या. जेवण झाल्यावरही बहीणभाऊ तिथंच बसून राहिले, खाचरांच्या नावांवरून वाद घालत. दादांनी एकदाही काकींच्या विकलेल्या रानाचा विषय काढला नाही. काकींनीच काढला. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, मी अंगणात जीपची वाट बघत होते. एवढं दिसलं, की दादा मान हलवत होते आणि काकी बोलत होत्या, बराच वेळ.

जीप आली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. दादा खांब धरून उठले. काकी बसलेल्याच होत्या. मला माहीत होतं, कुशीवर वळलं की काम झालं. त्यांना उठता येत होतं. मी मनातल्या मनात म्हणतही होते, वळा, वळा. पण काकी वळल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. दोन्ही हात वर केले आणि भावाला म्हणाल्या, "उचल रं दादा."

दादांनी वाकून त्यांचे हात धरले आणि ओढलं.